बर्फाचा धोटा

सोलापुरात वैशाख लागला की दुपारी बारानंतर चाटी गल्लीची वर्दळ ओसरते. पारा ४२-४३ अंशांच्या घरात जातो, दुकानांपुढचे पडदे ओले केले जातात आणि गिऱ्हाईक सहानंतरच फिरकते. अशा गावात एखादा तरुण समारंभांसाठी बर्फाच्या कलाकृती घडवून पोट भरतो, हे ऐकणाऱ्याला प्रथम थट्टाच वाटते. तथापि चादरी-टॉवेलांचा तीन पिढ्यांचा व्यापार असलेल्या एका जैन घरातील धाकट्या मुलाने गेली काही वर्षे हाच उद्योग पत्करला आहे. थोरला पेढीवर बसतो. धाकटा पहाटे तीन वाजता लोकरीची टोपी आणि जाड हातमोजे घेऊन बर्फाच्या कारखान्याकडे निघतो. गल्लीतील माणसे एव्हाना सरावली आहेत. सुरुवातीला मात्र भर उन्हाळ्यात कानटोपी घेऊन निघालेला हा मुलगा पाहून शेजाऱ्यांनी त्याच्या प्रकृतीची चौकशी केली होती.

वडिलांनी, म्हणजे घरातल्या अण्णांनी, या धंद्याला बरेच दिवस नाव दिले नव्हते. “पाण्यात पैसा घालणारी माणसे पुष्कळ पाहिली, पाण्याचा पैसा करायला निघालेला तू पहिलाच,” एवढेच ते म्हणत. पुण्याला हॉटेल व्यवस्थापन शिकायला पाठविलेला मुलगा एखादे उपाहारगृह काढील, निदान लग्नसमारंभांची जेवणे घेईल, अशी त्यांची अपेक्षा होती. पण तेथील थंड पदार्थांच्या विभागात फळे आणि भाज्या कोरायला शिकताना एके दिवशी त्याच्यापुढे बर्फाची लादी आली. तिच्यावर पटाशी चालविताना जो स्वच्छ, काचेसारखा आवाज आला, तो त्याच्या कानातून गेलाच नाही.

हा उद्योग परदेशातून आला असला तरी बर्फाचे कौतुक आपल्याकडे फार जुने आहे. १८३३ मध्ये अमेरिकेतील बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचे जहाज गोठलेल्या तळ्यांतून कापलेला सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघाले. चार महिन्यांनी ते कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा त्यातील जवळपास १०० टन बर्फ शिल्लक होता. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने त्यावर मोठी संपत्ती मिळविली. बर्फ विकण्यापेक्षा तो न वितळू देणे हाच त्याचा खरा व्यापार होता. पुढच्याच वर्षी मुंबईतही तो बर्फ आला. सर जमशेटजी जीजीभाई यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम वाढले आणि त्यानंतर यजमानांना व पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर याच व्यापारासाठी १८४२ मध्ये बांधलेले बर्फघर आजही उभे आहे. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये तेथे राहिले, म्हणून त्या वास्तूला आता त्यांचे नाव आहे.

समारंभात बर्फाला शिल्पाचे रूप देण्याची कीर्ती युरोपातील स्वयंपाकघरांकडे जाते. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील आचार्य ओग्युस्त एस्कॉफिए यांनी १८९० च्या दशकात नेली मेल्बा या गायिकेच्या सन्मानार्थ बर्फाचा राजहंस कोरवून त्याच्या पंखांमध्ये पीच फळांचे पक्वान्न मांडले. तिने गायलेल्या संगीतिकेत हंस ओढीत असलेली नाव होती. ती आठवण त्या हंसात होती. पक्वान्न ‘पीच मेल्बा’ या नावाने आजही जगभर वाढले जाते. हंस त्याच रात्री वितळला असणार. या कलेची जमा आणि खर्च एवढ्या एका प्रसंगात येते.

कारखान्यातील काम मात्र असे नाजूक नसते. लोखंडी पत्र्याच्या उंच डब्यांत पाणी भरून ते डबे मिठाच्या थंड पाण्याच्या हौदात बुडवितात. अमोनियाच्या यंत्राने हे खारे पाणी शून्याखाली दहा अंशांच्या आसपास ठेवलेले असते. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही, पण डब्यातील गोड्या पाण्याची उष्णता ओढून घेते. मोठी लादी तयार व्हायला दीड-दोन दिवस लागतात. पाणी डब्याच्या भिंतींकडून आत गोठत जाते. गोठताना ते शुद्ध होत जाते आणि आपल्यातील हवा, क्षार व गाळ आतल्या पाण्याकडे ढकलते. म्हणून लादीची बाहेरची बाजू पारदर्शक असते आणि मधोमध लांबट, पांढुरका, धुरकट गाभा उरतो. संपूर्ण नितळ बर्फ हवा असेल तर डब्यात सतत हवेचे बुडबुडे सोडावे लागतात किंवा तळाकडून वर गोठविणारे खास यंत्र लागते. त्या यंत्रातून निघणारी लादी सुमारे १३६ किलोची असते आणि तिला तीन दिवस लागतात. सोलापुरात त्याला मिळते ती गाभ्याची लादीच, वजनाने जवळपास तेवढीच.

त्यातही निवड करावी लागते. २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक केले, जेणेकरून मासळी किंवा माल थंड ठेवण्याचा बर्फ सरबतात जाऊ नये. कलाकृती कोणी खाणार नसते. तरीही मुले तिला हात लावतात, बोटे तोंडात घालतात. म्हणून तो खाद्य बर्फाच्याच कारखान्यातून, गाळलेल्या पाण्याची लादी घेतो.

वाहतुकीला भुसा आणि गोणपाट ही जुनी रीत. त्याने त्यावर घरचा उपाय काढला. पेढीवर विणीत चूक राहिलेल्या, न खपणाऱ्या डागी चादरी पडून असत. सोलापुरी चादरीची जाड वीण हवा धरून ठेवते. जी चादर थंडीत अंगातील ऊब बाहेर जाऊ देत नाही, तीच उन्हाळ्यात बाहेरची उष्णता बर्फापर्यंत येऊ देत नाही. तीन चादरींत गुंडाळलेली लादी टेम्पोतून दुपारी दोन वाजताही शाबूत पोहोचते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या चादरीचा हा उपयोग पाहून अण्णा दोन दिवस बोलले नव्हते.

खरा प्रश्न अण्णांचा नव्हता. तो आजींचा होता.

आजींनी बर्फ कधी घेतला नाही. बावीस अभक्ष्यांत गारा आणि तुषार येतात, हे त्यांना लहानपणी आईच्या तोंडून कळले आणि त्यांनी ते तेव्हापासून पाळले. उन्हाळ्यात माठातले गाळलेले पाणी, तेही दिवसाउजेडी. पाणी गाळल्यावर गाळण्यातील जिवाणी जपून परत विहिरीत सोडण्याची सवय विहीर बुजल्यावरही त्यांच्या हातातून गेली नाही. नातवाच्या धंद्याविषयी त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. तो कामावरून आल्यावर त्याचे गारठलेले हात त्या आपल्या हातांत धरीत आणि गप्प बसत. हे मौन अण्णांच्या टोमण्यांपेक्षा त्याला जड जाई.

मग बहिणीचे लग्न ठरले. मुहूर्त वैशाखातला. बहिणीने हट्ट धरला की, स्वागत समारंभात भावाच्या हातची कलाकृती हवी. गावभर दुसऱ्यांच्या लग्नांत त्याचे हंस आणि मोर उभे राहतात, मग घरच्या कार्यात का नको? अण्णाही, कदाचित व्याह्यांकडच्या मंडळींवर छाप पडावी म्हणून, या वेळी तिच्या बाजूचे झाले. कोणी पाच लाद्यांचे प्रवेशद्वार सुचविले, कोणी दोन मोर सुचविले. थोरल्या काकांनी तीर्थंकरांची छोटी प्रतिमा करून तिच्यावर प्रकाश सोडावा, असे मांडले.

सगळ्यांचे बोलून झाल्यावर आजी म्हणाल्या, “जे सातच्या आत वितळून पायाखाली जाणार, त्याला वंदनीय रूप देऊ नका. जिथे हात जोडायचे, तिथे पाय पडतील.”

प्रतिमेचा विषय तेथेच संपला. कोणाच्याही धर्मातील पूज्य आकृती बर्फात करायची नाही, हा नियम त्याने त्या दिवसापासून सर्वच गिऱ्हाइकांना लागू केला. पण आजींचे बोलणे संपले नव्हते. त्यांनी नातवाला जवळ बसविले.

“बाळा, एक विचारू? धंद्यात जीवहिंसा होते, ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. शेत करणाऱ्याला नाही, माग चालविणाऱ्याला नाही. पण ज्याचा काही उपयोग नाही, त्यासाठी पाणी उगाच नासणे म्हणजे अनर्थदंड. आपल्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येते. तू घडवतोस ते कशात बसते?”

त्याला उत्तर सुचले नाही. त्याने पुष्कळ गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरे दिली होती. बर्फ किती वेळ टिकेल, फोटो कसे येतील, फरशी ओली होईल का. हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. व्यवसाय म्हणावा तर तो त्याचा उद्योग होता. त्यातून त्याचे आणि दोन मदतनिसांचे घर चालत होते. पण घरच्या लग्नात पैसे घ्यायचे नव्हते. तेथे तो उद्योग नव्हता, केवळ शोभा होती. आजींनी प्रश्न नेमका तेथे विचारला होता.

दोन दिवसांनी तो त्यांच्याकडे गेला. “आजी, नाही करत. ताईला समजावतो.”

आजी हसल्या. “मी कर नको म्हटले नाही. मोजून कर म्हटले.”

तेव्हा त्या दोघांत एक ठराव झाला. लादी एकच. तिच्यातला एकही थेंब नालीत जाणार नाही. आणि ती ज्या कामासाठी आणली, ते काम तिने शोभेखेरीजही काही करावे. हा ठराव कोठे लिहिला गेला नाही. परंतु व्यापारी घरांत तोंडी शब्द दस्तापेक्षा हलका धरीत नाहीत.

शेवटच्या अटीने त्याला कामाला लावले. त्याने हिशेब केला. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. वातानुकूलन यंत्र ‘एक टनाचे’, ‘दीड टनाचे’ असे आपण सहज म्हणतो. तो टन यंत्राच्या वजनाचा नाही. चोवीस तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ वितळून जेवढा गारवा मिळेल, तेवढा गारवा देणारे यंत्र ते एक टनाचे. म्हणजे तासाला ३८ किलोच्या आसपास बर्फ वितळत असेल तर त्या जागी एक टनाचे यंत्र चालू आहे, असे समजावे. घरातील लग्नाचे जेवण सूर्यास्तापूर्वी व्हायचे होते. इतरांचे समारंभ रात्री, वातानुकूलित सभागृहांत होतात. यांचा दुपारी चारला उघड्या मंडपात सुरू होणार होता. शिल्पकाराच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट वेळ. मात्र गारव्याची गरज असलेली वेळही तीच. त्याने कलाकृतीची जागा प्रवेशद्वाराऐवजी वृद्ध मंडळींच्या बैठकीजवळ ठरविली आणि मागे एक पंखा ठेवला, म्हणजे बर्फावरून आलेली हवा त्यांच्याकडे जाईल. पंख्याने बर्फ लवकर वितळणार होता. शिल्पाचे आयुष्य त्याने जाणूनबुजून कमी केले.

मग आकाराचा विचार. बर्फाच्या रचनेचा पहिला नियम असा की, शिल्प पहिल्या मिनिटासाठी घडवायचे नसते, ते तिसऱ्या तासासाठी घडवायचे असते. हंसाची मान सर्वांत सुंदर आणि सर्वांत बारीक असते. म्हणून ती प्रथम गळते आणि पाहुणे जेवायला येईपर्यंत हंसाचे बदक होते. कोरीव नक्षी वरवरची असल्याने सर्वांआधी पुसली जाते, त्यानंतर कडा गोल होतात, आणि ढोबळ आकार शेवटपर्यंत राहतो. ज्या वस्तूचा आकार लहान होत गेला तरी ओळखू येतो, ती वस्तू बर्फात शोभते. अशी वस्तू कोणती, याचा विचार करीत तो पेढीवर बसला असता त्याचे लक्ष भिंतीवरच्या काचेच्या पेटीकडे गेले. तीत पणजोबांच्या काळातला हातमागाचा लाकडी धोटा ठेवलेला होता. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये भरीव, नावेसारखा. मधल्या पोकळीत आडव्या सुताची कांडी.

धोटा कापडाच्या एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जातो, परत येतो आणि दोन्ही काठांना एका वस्त्रात बांधतो. लग्नात यापेक्षा समर्पक चिन्ह शोधावे लागले नसते. पण त्याला खरा आनंद झाला तो दुसऱ्या कारणाने. लादीच्या मधोमध असणारा पांढुरका, लांबट गाभा, जो लपविण्यासाठी कारागीर नाना युक्त्या करतात, तो येथे सुताची कांडी होणार होता. नितळ धोटा आणि त्याच्या पोटात पांढरे सूत. दोष तेथेच राहील आणि त्याला काम मिळेल.

लग्नाच्या दिवशी पहाटे तीन वाजता लादी डब्यातून निघाली. थंड खोलीतून आलेल्या बर्फाला काही वेळ तसेच पडू द्यावे लागते. त्याचा पृष्ठभाग शून्याच्या जवळ येऊन चकाकू लागेपर्यंत हत्यार लावायचे नसते. नाहीतर आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरकाने तो तडकतो. हे त्याला पाठ होते. तरीही त्या दिवशी घरच्या कार्याची घाई होती, बाहेरची हवा तिशीच्या वर होती आणि मदतनिसाने पृष्ठभाग धुण्यासाठी नळाचे पाणी लादीवर ओतले. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. लादीच्या एका टोकाकडून तिरकी भेग गेली आणि काही क्षणांत तिचे दोन तुकडे वेगळे झाले.

कारखान्यावरचा माणूस धावत आला. लादी फुटणे त्याला नवे नव्हते. “दुसरी काढतो. घरचं लग्न आहे, पैसेसुद्धा देऊ नका. एक काय, दोन काय, कोण मोजतंय?”

“मोजणारी घरी आहे,” तो म्हणाला.

आजींना कळले नसते. त्या कारखान्यात कधी आल्या नव्हत्या आणि येणारही नव्हत्या. हौदात शंभर डबे गोठत होते. त्यांतली एक लादी तशीही दिवस उजाडल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यावर गेली असती. तो फुटलेल्या तुकड्यांपाशी बराच वेळ उभा राहिला. ज्याच्यासमोर कोणी साक्षीदार नाही असा शब्द पाळायचा की नाही, हे ठरविण्यासाठी त्याच्याजवळ फार तर अर्धा तास होता, कारण बर्फ थांबत नाही.

त्याने करवत घेतली. भेगेच्या दोन्ही बाजू सरळ कापल्या. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा कोमट करून दोन्ही तोंडांवरून फिरविला, म्हणजे ती इस्त्री केल्यासारखी सपाट झाली. मग दोन्ही तुकडे एकमेकांना दाबून पुन्हा थंड खोलीत ठेवले. बर्फाला दुसरा कोणता डिंक लागत नाही. त्याचे पाणीच त्याला जोडते. दोन तासांनी लादी पुन्हा एक झाली होती, मात्र चार बोटे आखूड. सांध्याच्या जागी केसासारखी पांढरी रेघ राहिली. ती काढण्याचा उपाय नव्हता. दिवस वर येईपर्यंत त्याने मोठ्या करवतीने बाह्याकार काढला, पटाश्यांनी पोट गोल केले, टोके निमुळती केली आणि खालच्या बैठकीवर चादरीच्या काठाची चौकटी नक्षी कोरली. निघालेला चुरा, आणि तो जवळपास निम्म्या लादीइतका निघतो, त्याने पिंपात भरून ठेवला. कारखान्याच्या फाटकाशी असलेल्या दोन कडुनिंबांना त्या आठवड्यात भरपूर पाणी मिळाले.

दुपारी चार वाजता धोटा मंडपात उभा होता. खाली पन्हाळीची परात, परातीला नळी, नळीचे टोक पडद्याआडच्या पिंपात. पाहुण्यांनी कौतुक केले, छायाचित्रे काढली. सुताचा व्यापार करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी जवळ येऊन पांढऱ्या रेघेवर बोट ठेवले आणि विचारले, “हा तुटलेला धागा जोडल्याची गाठ दाखवलीय का?” त्याने खरे ते सांगितले. गृहस्थ हसून म्हणाले, “मग तीच गाठ.”

आजी वृद्ध मंडळींच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पंख्याचा गार झोत त्यांच्या अंगावर येत होता. त्यांनी नेहमीप्रमाणे बर्फाला हात लावला नाही, पण त्यावरून नजर काढली नाही. मंडपात आहेर, नमस्कार, हास्यविनोद चालू होते. पाच वाजता बैठकीवरची चौकटी नक्षी पुसट झाली आणि थोड्या वेळाने नाहीशी झाली. कोणाच्या लक्षात आले नाही. साडेपाचला धोट्याची टोके बोथट झाली. पंगती उठत होत्या, बसत होत्या. सहाच्या पुढे नितळ बर्फ झपाट्याने उतरू लागला, तरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे उभा राहून छायाचित्र काढीत होता; ज्याने पहिल्यांदाच पाहिले, त्याला तो तसाच असावा असे वाटत होते.

नातू आजींच्या खुर्चीशेजारी येऊन बसला. त्याच्या डोळ्यांत झोप होती. आजी त्याच्याकडे न पाहता म्हणाल्या, “नीलांजना.”

त्याला कथा ठाऊक होती. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ती येते. राजा ऋषभदेवांच्या सभेत नीलांजना नावाची अप्सरा नृत्य करीत असता तिचे आयुष्य संपते आणि ती क्षणात नाहीशी होते. रसभंग होऊ नये म्हणून इंद्र तत्काळ तशीच दुसरी नर्तकी तिच्या जागी उभी करतो. ताल चुकत नाही. सभा तल्लीन राहते. एकट्या ऋषभदेवांना कळते की, मघाची ती आता नाही. त्यांच्या वैराग्याचा आरंभ तेथून झाला.

लहानपणी ही कथा ऐकताना त्याला नेहमी वाटे की, सभेतील इतरांना ते का दिसले नाही? आज मंडप पाहून त्याला ते समजले. आनंदात असलेल्या माणसाला वितळणे दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नसतो. कोणीतरी एक पाहणारा असावा लागतो. घडविणारा प्रत्येक वेळी तेथे असतो, पण त्याने आजवर परातीकडे, नळीकडे आणि दिव्याकडेच पाहिले होते.

पावणेसातला, सूर्य मावळण्यापूर्वी, शेवटची पंगत उठली. धोट्याचा नितळ भाग जवळजवळ गेला होता. उरला होता तो मधला पांढुरका गाभा, हाताच्या लांबीचा. नवरी सासरी निघण्यापूर्वी भावाला भेटायला आली, तेव्हा तिने तो पाहिला आणि म्हणाली, “अरे, सगळे गेले आणि कांडी तेवढी राहिली.” मग तिला रडू आले, ते कशाचे, हे विचारण्याची ती वेळ नव्हती.

रात्री आवराआवर झाल्यावर त्याने पहाटेची हकिकत आजींना सांगितली. लादी फुटली, दुसरी फुकट मिळत होती, घेतली नाही. आजींनी शाबासकी दिली नाही. “पिंप किती भरले?” एवढेच विचारले.

“अर्ध्याच्या वर. पन्नास लिटर असेल.”

“सकाळी घेऊन ये.”

सकाळी टेम्पोतून पिंप वाड्यात आले. अंगणातील पारिजातकाला, तुळशीला आणि दाराबाहेरच्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या पिंपळाला आजींनी तांब्यातांब्याने पाणी घातले. तळाशी राहिलेले शेवटचे पाणी नातवाने पिंप तिरके करून ओतले. आदल्या पहाटे ते पाणी १३६ किलोच्या लादीचा भाग होते, दुपारी पणजोबांचा धोटा होते, संध्याकाळी वृद्धांच्या अंगावरचा गारवा होते.

आजींच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर त्याला अजून सापडलेले नाही, आणि सापडले असे तो म्हणतही नाही. तो अजून बर्फ घडवितो. फरक एवढाच की, आता काम घेताना तो तीन गोष्टी आधी सांगतो. पूज्य आकृती करणार नाही, एका लादीत होईल तेवढेच करीन, वितळलेले पाणी यजमानांनी झाडांना घालायचे किंवा ते तो परत नेईल. काही गिऱ्हाइके या अटी ऐकून दुसरीकडे जातात. पावसाळ्याच्या तोंडावर एका मोठ्या उद्घाटनासाठी बर्फाची देवमूर्ती मागणारा फोन आला होता. रक्कम चांगली होती. पेढीवर बसूनच त्याने नम्रपणे नकार दिला. समोरचा माणूस बराच वेळ समजावीत होता, हे पलीकडे गादीवर बसलेल्या अण्णांना ऐकू येत होते. नकार का दिला, किती रुपयांचा दिला, त्यांनी काहीच विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी पेढीवरून सहा डागी चादरी कारखान्याकडे रवाना झाल्या. फुकट नव्हे. अण्णांनी वहीत धाकट्याच्या नावे स्वतंत्र खाते उघडले होते आणि पहिल्या ओळीत त्या सहा चादरी नावे टाकल्या होत्या. समोरची जमेची बाजू त्यांनी कोरी ठेवली होती.